रोखबाईचा सोफा

आमच्या दुकानाला पुढे काचेची दारं आहेत आणि मागे पत्र्याची शेड. पुढे नवीन फर्निचर विकतात, मागे तेच फर्निचर परत येतं. पुढे सकाळ-संध्याकाळ सुगंधी फवारा मारतात. मागे कसला वास असतो ते मला विचारा, सोळा वर्षं तो अंगाला लावून मी घरी जातोय आणि आंघोळ केल्याशिवाय बायको मला जेवायला वाढत नाही.

मी तिथला सुतार. परत आलेला माल म्हणजे ज्यांचे हप्ते थकले त्यांच्या घरातून उचलून आणलेला माल. लोक सोफा घेतात तेव्हा त्यावर कसे मिरवत बसतात ते पुढची मंडळी बघतात. सहा-आठ महिन्यांनी तोच सोफा मी उघडतो. त्याच्या फटीतून नखं निघतात, केसांचे गुंते निघतात, बिस्किटांचा बुरशी आलेला चुरा, नाक पुसलेले कागद, कान कोरलेल्या काड्या. एकदा अर्धी दाढ निघाली होती. माणसं हप्ते भरून स्वतःची घाण साठवतात आणि आम्ही ती झाडून, वर नवीन कापड ताणून, प्लास्टिक गुंडाळून दुसऱ्याला नवीन म्हणून विकतो, पुन्हा हप्त्यानेच. सोफा परत आला की त्याच्या खालच्या लाकडावर मी पेन्सिलची एक उभी रेघ मारायचो. कुठल्या सांगाड्याने किती घरं पाहिलीत ते कळलं की खिळे कुठे ढिले झाले असतील याचा अंदाज येतो. मालकाला ते माहीत होतं. बाहेरच्या कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, सोफा उलटा करून कोण बघतं?

शेडमध्ये कापड बेतायचं आणि शिवायचं काम एक बाई करायची. मी तिला तोंडावर काकू म्हणायचो आणि माघारी सगळ्यांसारखं रोखबाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने वाळकी, बोटांच्या टोकांना सुईने पडलेली काळी भोकं. तिच्या हातचा कोपरा असा बसायचा की शिवण शोधावी लागायची. आणि तिच्यावर कोणाची एक दमडी बाकी नव्हती. दुकानदाराची नाही, घरमालकाची नाही, बँकेची नाही, शेजारणीची नाही.

हे ऐकायला छान वाटतं. जवळून बघायला तितकं छान नव्हतं, हेही सांगतो. ती आमच्याबरोबर कधी चहा घ्यायची नाही, कारण आज आम्ही पाजला तर उद्या तिला पाजावा लागेल. पाणी स्वतःच्या बाटलीतून. पाऊस पडत असला तरी ड्रायव्हरच्या टेम्पोत बसायची नाही. माझ्या बायकोने तिला एकदा दोन लिंबं दिली, तर तिसऱ्या दिवशी मोजून दोन लिंबं परत आली, आकारही बहुतेक जुळवून आणला असावा. मला संताप यायचा. अशा माणसाशी मैत्री कशी करायची? हात पुढे केला तरी ती त्यात काय आहे ते आधी तपासणार.

मी तिला एकदा विचारलंही होतं, "काकू, इतकं काय भ्यायचं? सगळं जग हप्त्यावर जगतंय."

"जगू दे की," ती दोरा ओवत म्हणाली. "मला आपलं दारात कोणी आलेलं आवडत नाही."

एवढंच. नवऱ्याने काही करून ठेवलं होतं का, कोणी काही उचलून नेलं होतं का, ते तिने सांगितलं नाही. नवरा लेक लहान असतानाच कुठे तरी निघून गेला होता, हे मात्र माहीत होतं.

आता आमचं सांगतो. मालकाने कामगारांसाठी योजना काढली होती. दुकानातली कुठलीही वस्तू घरी न्या, हप्ता पगारातून कापू. व्याज कमी, असं तो म्हणायचा. मी आधी पलंग घेतला, मग कपाट, मग टीव्ही. ड्रायव्हरने तर मुलाला झोपायला जागा नसताना जेवणाचं टेबल घेतलं, मुलगा त्या टेबलाखाली झोपतो. आणि हळूहळू आमच्या लक्षात आलं की मालक शिव्या देतो तेव्हा आम्ही सगळे खाली मान घालून लाकडाचा भुसा बघत असतो. जास्त तास थांबायला सांगितलं, थांबलो. सुट्टी कापली, गप्प बसलो. नोकरी सोडायची तर राहिलेले सगळे हप्ते एकदम टेबलावर ठेवायचे होते. शेडमध्ये मालकाला तोंड वर करून बोलणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे रोखबाई. मालकाला ती नकोशी होती आणि तिच्या हाताशिवाय त्याचं चालत नव्हतं. त्यामुळे तो तिला दर दोन महिन्यांनी नवा कॅटलॉग दाखवायचा. ती कॅटलॉगवर कात्री ठेवायची.

तिला फक्त एक वस्तू हवी होती. जाड कापड शिवणारं मोटरचं मशीन. ते आलं की घरी बसून काम घेणार आणि या शेडचं तोंड बघणार नाही, असं ती उघड म्हणायची. सहा वर्षं ती त्यासाठी बँकेत पैसे टाकत होती. पासबुक पिशवीत, पिशवी मांडीखाली. त्या वर्षी पावसाळ्याआधी मशीन घरात येईल असा तिचा हिशेब होता, आणि तिचे हिशेब चुकत नसत.

मग तो सोफा आला.

तीन माणसांचा, मरून रंगाचा. तिसऱ्यांदा परत आलेला. ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधूनच उतरला. त्या घरात एक म्हातारा आठ महिने त्यावरच पडून होता, म्हणाला. मी कापड फाडलं आणि मागे सरलो. आतला फोम पिवळा, मग तपकिरी, मध्यभागी काळा. दाबला की पाणी सुटत होतं, आणि ते पाणी नव्हतं. शिवणीच्या घड्यांत ढेकूण असे भरले होते की कापड हलत होतं. सोळा वर्षांत मी पुष्कळ घाण पाहिली, पण त्या दिवशी मी बाहेर जाऊन ओकलो.

रोखबाईने जवळ जाऊन बघितलं. नाकाला पदर लावला नाही, काही नाही. मालकाला बोलावून सांगितलं, "हा फोम टाकायला लागेल. पट्टे पण. लाकूड चांगलं आहे, ते धुऊन वाळवू."

"फोमला किती पैसे पडतात माहीत आहे?" मालक म्हणाला. "दोन दिवस उन्हात ठेवा. पावडर मारा, वरून जाड अस्तर घाला. आत कोण बघायला जातंय?"

"मी नाही शिवणार ह्याच्यावर."

"का? तुला बसायचंय त्याच्यावर?"

"कोणी तरी बसणारच ना. मी नाही शिवणार."

मालकाने तिच्याकडे बघितलं. कापायला हप्ता नव्हता. तो पाय आपटत पुढे निघून गेला. सोफा महिनाभर कोपऱ्यात पडून होता, वर ताडपत्री. एका दुपारी रोखबाई कापड आणायला बाजारात गेली होती, तेव्हा मालक माझ्यापाशी आला. "सुतार, तुला येतं ना कापड मारायला?" मी म्हटलं, येतं थोडंफार. माझे तेव्हा टीव्हीचे हप्ते नुकते सुरू झाले होते. त्या दुपारी मी तो सोफा पावडर मारून झाकला. कोपरे शिवायला जमेनात म्हणून आत दुमडून पिना ठोकल्या. पेन्सिलची तिसरी रेघही मारली, इतक्या वर्षांची सवय, आणि वर ताडपत्री होती तशी पुन्हा ओढली. हात धुतले, परत धुतले, आणि जेवताना भाकरी चमच्याने खाल्ली. बायको म्हणाली, हे काय नवीन खूळ?

रोखबाईची लेक एका औषधाच्या दुकानात काउंटरला होती. तेवीस वर्षांची, नीटनेटकी, रागीट. तिचं एका मुलाबरोबर जमलं होतं आणि त्याची आई येत्या रविवारी घर बघायला येणार होती. घर म्हणजे दीड खोली. त्यात एक पत्र्याची पेटी, दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या, आणि जमिनीवर गोधड्या. लेक लहानपणापासून मैत्रिणींना दारातूनच कटवत आली होती. सहलीला पैसे उसने घ्यायचे नाहीत म्हणून ती एकाही सहलीला गेली नव्हती, हे तिने मला पुढे सांगितलं. आईकडे सोफा मागितला, तर आई म्हणाली, मशीननंतर बघू. मुलाची आई मशीननंतर येणार नव्हती.

तर शनिवारी, पुन्हा रोखबाई बाजारात असताना, लेक दुकानात आली. पुढे शोरूममध्ये मरून रंगाचा सोफा मांडला होता, नवा कोरा, त्याच्यावर तिने हात फिरवला. कागद झाले. जामीन हवा होता. मालकाने मला मागून बोलावलं.

"ओळखीची आहे ना पोरगी? सही कर."

मी म्हटलं, काकूंना विचारून करतो. मालक हसला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुझे दोन हप्ते भरले असं मी लिहून टाकतो. एकदा घरात हप्ता शिरला की तुझ्या काकूची जीभ पण वळणावर येईल. तुलाच बरं."

लेक माझ्याकडे आशेने बघत होती. मी तिच्यासाठी सही केली असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मी दोन हप्त्यांसाठी सही केली.

संध्याकाळी, रोखबाई परतायच्या आत, टेम्पो लागला तेव्हा कळलं की शोरूममधला सोफा जागचा हलणारच नव्हता. तो दाखवायचा. द्यायचा तो मागचा, त्याच रंगाचा, त्याच मापाचा. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी ड्रायव्हरकडे बघितलं. मालक शेजारीच उभा होता. मी सोफ्याचं एक टोक उचललं आणि तो टेम्पोत चढवला. दुसरं कोणी असतं तर मला इतकं वाटलं नसतं, आणि याचीच मला आज जास्त शिसारी येते.

त्याच रात्री लेक धापा टाकत माझ्या दारात आली. "सुतारकाका, चला लवकर. आईने सोफा उलटा केलाय. कात्री घेतलीये हातात."

मी गेलो. सोफा पाय वर करून पडला होता, खालचं अस्तर फाडलेलं. रोखबाई जमिनीवर बसली होती. बल्बच्या उजेडात पेन्सिलच्या तीन रेघा स्वच्छ दिसत होत्या. पण ओळखायला तिला त्यांची गरजही पडली नव्हती. दारातून आत येताच तिने आधी कोपरे बघितले होते, आणि शिवणाऱ्या बाईला पिना दिसल्यावर आणखी काय हवं?

"तू झाकलास?" तिने विचारलं.

"हो."

"जामीन पण तूच."

"हो काकू."

"किती दिले त्याने?"

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी म्हटलं, "दोन हप्ते."

ती मान हलवत राहिली, भाव जरा कमी मिळाला असं वाटल्यासारखी. लेक मध्येच बोलली, "आई, फाडू नकोस, उद्या ते लोक येणारेत. वरून चांगला दिसतोय ना? मी भरते ना हप्ते, तुझं काय जातंय?" रोखबाईने कात्रीने बैठकीचं कापड मधोमध चिरलं आणि लेकीला म्हणाली, "हात घाल."

लेकीने हात घातला. मग तो हात अंगापासून लांब धरून ती नळाकडे धावली, आणि तिथून बराच वेळ साबणाचा डबा आपटल्याचा आवाज येत राहिला. परत आली ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे जसं बघितलं ते मी कोणाला सांगू शकत नाही. तिघांनी मिळून आम्ही फोम आणि कापड मागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकलं.

रविवारी मुलाची आई आली. लोखंडी खुर्चीवर बसली. लेकीने नंतर सांगितलं की तिने पगार किती ते तीनदा विचारलं, आईच्या नावावर काही आहे का तेही विचारलं, आणि कशावर बसलोय ते खाली बघितलंही नाही. लग्न ठरलं की नाही, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी रोखबाई शेडमध्ये न येता बँकेतून थेट पुढच्या काचेच्या दारातून आत आली. सोबत लेक. मला बोलावणं आलं. मालकाच्या टेबलावर पासबुक होतं आणि त्याच्या शेजारी नोटांचं पुडकं.

"लेकीचा सोफा," ती म्हणाली. "सगळे पैसे एकदम घ्या आणि कागद द्या."

मालकाचा चेहरा पडला. मग तो गोड बोलायला लागला. कशाला एवढी घाई, मशीन घ्यायचंय ना तुला, मशीन घे, सोफ्याचे हप्ते पगारातून जातील, तुला जाणवणारही नाहीत. "आता तू आमच्यातलीच झालीस," असंही म्हणाला.

"परवा फोम कचऱ्यात टाकला," ती म्हणाली. "कोणाच्या घरातून आला होता तो, सांगू का ह्या गिऱ्हाइकांना?"

दारापाशी एक नवरा-बायको गादी दाबून बघत होते. मालकाने आवाज खाली आणला. मग लेक म्हणाली, "सडका माल दिलात, पैसे कसले घेता?" आणि मला वाटलं, आता खरी मजा येणार. पण रोखबाईने लेकीचा हात दाबला. "सही तुझी आहे. सही केलीस ना? मग भरायचं. पुढच्या वेळी उलटा करून बघ." मला तिचा तिथे राग आला. चोराला कोणी पुरे पैसे देतं का? पण भांडण काढलं असतं तर तो कागद महिनोन्‌महिने मालकाच्या खणात राहिला असता, आणि तो खणात असताना तिला झोप लागली नसती. हे मला कळत होतं.

मालकाने कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुदतीआधी फेडलं तर दंड. तीन हप्ते. वेळेवर फेडणाऱ्याला व्याज, न फेडणाऱ्याच्या दारात टेम्पो, आणि आधी फेडणाऱ्याला दंड. इतका नीच कागद मी पाहिला नव्हता, आणि त्याच्यावर जामीन म्हणून माझं नाव होतं.

रोखबाईने ती ओळ दोनदा वाचली. मग पिशवीतून आणखी नोटा काढल्या, मोजल्या, ठेवल्या. सहा वर्षांचं मशीन त्या टेबलावर गेलं. पासबुकात काय उरलं ते लेकीने खांद्यावरून वाचलं आणि तोंड फिरवलं. मालकाने शिक्का मारला. रोखबाईने कागद घेतला, माझ्या सहीपाशी बघितलं आणि मला म्हणाली, "सुटलास."

मग मालकाला म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही."

"खाणार काय?"

"ते माझं मी बघेन."

मालकाला वाटलं ती रडेल, थांबेल, निदान दारात एकदा वळेल. ती वळली नाही. मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो. लेक पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मी म्हटलं, "काकू, मी पण सोडणार ही नोकरी. खरंच सांगतो. मला ह्या सगळ्याची किळस आलीये."

तिने विचारलं, "किती राहिलेत?"

"एकवीस."

"मग एकवीस महिन्यांनी बोल," ती म्हणाली आणि लेकीबरोबर रस्ता ओलांडून गेली.

मी शेडमध्ये परत आलो. टेम्पो आला होता, त्यात एक कोपऱ्याचा सोफा होता, हिरवा, ओला. मालकाने मागच्या दारातून हाक मारून सांगितलं की आता कापडाचं काम तूच बघायचं. मी हो म्हटलं. एकवीस महिन्यांतले सतरा मी भरले. चार राहिले असताना फ्रिज घेतला, दोन दारांचा. बर्फ चांगला होतो त्यात.